हा तुझा कोण?

साहेब, तुम्ही एका बाईला तिच्या मेलेल्या नवऱ्यापुढं उभी केलीत आणि विचारलंत, "हा तुझा कोण?" तिनं सांगितलं. तुम्ही तिला बाजूला सारलीत. ज्यांच्या टाकीत तो मेला, ते तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, चहा पीत होते. त्यांना तुम्ही हाच प्रश्न एकदाही विचारला नाहीत. माझा आरोप एवढाच आहे, आणि तो मी तुमच्या तोंडावर करते. पाठीमागं बोलायची सवय आमच्या चाळीत पुष्कळांना आहे. मला नाही.

तुमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुमची दुसऱ्या ठाण्यात बदली होईल, दुसरा साहेब येईल आणि म्हणेल, हे माझ्या आधीचं आहे. कारखान्याचंही नाव लिहीत नाही. गेटावरची पाटी दर दोन-चार वर्षांनी बदलते, आतली टाकी तीच राहते.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सुरुवातीपासून सांगते.

आमची चाळ बोईसरजवळ सालवडला. मी पुष्पलता, जळगावकडची. नवरा बॉयलरवर, मी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. शेजारच्या खोलीत भागी आणि जिवल्या. दोघं वारली आदिवासी, जव्हारच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची. पावसाळ्यात वर जाऊन भात आणि नागली लावायची, दिवाळी झाली की खाली बोईसरला यायचं, असं त्यांचं वर्ष. मुलगी दीपाली आश्रमशाळेत. भागी दोन-तीन घरची भांडी करायची. जिवल्या ठेकेदाराच्या माणसांत होता, म्हणजे कारखान्यात रोज जायचा पण कारखान्याचा नव्हता. ही गंमत तुम्हाला माहीत आहे. आमच्या अर्ध्या सालवडची आणि शेजारच्या अख्ख्या सरावलीची तीच गत आहे.

जिवल्याचं काम टाकीचं. कारखान्याचं सगळं घाण पाणी एका खोल हौदात जातं, तळाला गाळ बसतो. तो गाळ काढायला माणूस दोरीनं खाली सोडतात. बादली भरायची, वरच्यानं ओढायची. तोंडाला काय? तर ओला रुमाल. मशीन आहे म्हणे, पण मशीन बोलवायची तर सरकारात कळवावं लागतं, आणि कळवलं तर कुणीतरी येऊन बघतं. जिवल्याला कळवावं लागत नाही. तो आपण होऊन रुमाल भिजवतो.

तो घरी आला की एक रोजची गोष्ट व्हायची. भागी दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवायची. जिवल्या आधी पायरीवर बसून चूळ भरायचा, गटारात थुंकायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा थुंकायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, किती थुंकशील? गटार भरेल."

तो म्हणाला, "आदी कारखाना थुकू दे ताई. मंग घरचा पानी पितो."

मग भागी तांब्या वर धरायची आणि तो ओंजळीनं प्यायचा. कितीही तहान असली तरी चूळ भरल्याशिवाय गिळायचा नाही. कारखान्याचं पाणी तर अजिबात नाही. आम्ही हसायचो. मी भागीला म्हणायची, "तुझा नवरा म्हणजे देवाचा मोर, तुझ्या हातानंच पितो." ती लाजायची नाही. म्हणायची, "मोर नाय, रेडा हाय. पानी दावला की लगेच हालतो."

त्या दिवशी उन्हं चढल्यावर मला मिथुनचा फोन आला. मिथुन जिवल्याच्या टोळीतला, बिहारकडचा, सरावलीत राहतो. म्हणाला, "भाभी, जिवल्या गिर गया. भागी को लेके दवाखाने आओ." त्यानं एवढंच सांगितलं. मी रजेवर होते. भागीला हाक मारली. ती निघताना दारातला तांब्या उचलून घेऊन निघाली. मी म्हटलं, "पाणी कशाला? तिथं नळ आहे."

"तो दुसरीकडचा पीत नाय," ती म्हणाली.

शेअर रिक्षात तांब्यावर तळहात ठेवून बसली होती, सांडू नये म्हणून. तिला वाटत होतं तो नुसता पडलाय. मलाही तसंच वाटत होतं.

दवाखान्याच्या मागच्या आवारात, पत्र्याखाली, स्ट्रेचरवर जिवल्या होता. केस ओले. अंगाला तोच वास, जो आमच्या नाल्याला येतो. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. भागी जवळ जायला लागली, तर दारावरच्या शिपायानं हात आडवा केला. "फक्त नातेवाईक," म्हणाला. आणि मितेश पुढं आला.

मितेश म्हणजे ठेकेदाराचा माणूस. पांढरा शर्ट, दोन फोन. तो तुमच्याशी बोलत होता साहेब, तुम्हाला आठवत असेल. म्हणाला, "कंपनीच्या भिंतीबाहेर रस्त्यावर पडलेला मिळाला. प्यायलेला होता. आम्ही माणुसकीच्या नात्यानं टेम्पोत घालून आणला."

मी विचारलं, "रस्त्यावर दारू प्यायला बसताना माणूस गुडघ्याएवढे बूट घालतो का?"

मितेशनं माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"मग शेजारी उभं राहा."

तुम्ही हसलात, शेजारी खुर्चीत चहा पिणारा कारखान्याचा मॅनेजरही हसला. मी बघितलं. दुपारी पंचनामा होईपर्यंत ते बूट जिवल्याच्या पायात नव्हते. अनवाणी होता. बूट कुठं गेले, असं मी तेव्हाही विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात की मृताचे पाय उघडेच आढळले. आढळले. शब्द चांगला आहे. ज्याला शोधायचंच नाही त्याला पुष्कळ गोष्टी आढळतात.

मग तुम्ही भागीला बोलावलंत. पत्र्याखालच्या टेबलासमोर. पाठीमागं भिंतीवर निळा बोर्ड होता, नागरिकांची सनद. त्यात लिहिलंय की प्रत्येकाला सन्मानानं वागवलं जाईल. वर पालीनं घाण केलेली आहे.

"नाव काय?"

"भागी."

"हा तुझा कोण?"

"माजा नवरा."

"लग्न कधी झालं?"

आणि भागी खरं बोलली. खोटं कसं बोलायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणाली, "लगीन आजून नाय झाला. या वैशाखात होता."

तुमचा हवालदार खुदकन हसला. तुम्ही लिहिणाऱ्याला म्हणालात, "सोबत राहणारी बाई, असं लिही." आणि तिला म्हणालात, "हो बाजूला. रक्ताचं माणूस येतंय."

इथं थांबून एक गोष्ट सांगते. तुम्ही या जिल्ह्यात नोकरी करता, तुम्हाला ती ठाऊक असायला हवी होती. मला भागीनंच सांगितली होती, तांदूळ निवडता निवडता. वारल्यांत मुलगी पसंत पडली की मुलाकडचे जातात, पंच बसवतात, पाड्यादेखत बोलणं होतं, मुलीला लुगडं नेसवतात आणि घरी आणतात. त्या दिवसापासून ती बायको. कुणी बोट दाखवत नाही. लगीन ही पुढची गोष्ट. त्याला सगळ्या पाड्याला जेवण घालायचं असतं, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहायचा असतो, धवलेरी बोलवायची असते. धवलेरी म्हणजे लगीन लावणारी बाई. त्यांच्यात भटजी लागत नाही, तीच गाणी म्हणून लावते. ज्या वर्षी भात बरा पिकेल त्या वर्षी. कुणाचं पोरं झाल्यावर होतं, कुणाचं पोरांच्याच मांडवात होतं. कुणी त्याला लपवत नाही, म्हणून भागीनंही लपवलं नाही. तुम्ही विचारलंत, तिनं सांगितलं. तिचा गुन्हा एवढाच की तिला वाटलं, साहेबाला आपली रीत ठाऊक असेल.

मी मध्ये पडले. "साहेब, मुलगी आहे त्यांना. आश्रमशाळेत. दाखल्यावर बापाचं नाव जिवल्याच आहे."

तुम्ही म्हणालात, "तो मुलीचा पुरावा झाला. हिचा काय?"

"मग प्रेत मुलीच्या ताब्यात द्या."

"ती सज्ञान नाही."

ती सज्ञान होईपर्यंत जिवल्याला बर्फात ठेवणार होता का? हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारते.

रक्ताचं माणूस म्हणजे महादू. जिवल्याचा चुलतभाऊ, पाड्यावरचा. मितेशची जीप त्याला घेऊन आली. तो उतरला तेव्हा त्याच्या हातात पपई होती. आजारी माणसाला भेटायला आला होता बिचारा. भागीला बघून म्हणाला, "कसा हाय आता?" भागीनं पत्र्याकडं नुसतं बघितलं. महादूनं पपई जमिनीवर ठेवली आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला.

आता काय ठरलं होतं ते उघड होतं. महादूनं प्रेत ताब्यात घ्यायचं, ऊन उतरायच्या आत इथंच बोईसरला जाळायचं, आणि तो रस्त्यावर पडून मेला याला भावाची हरकत नाही असं व्हायचं. भागी बायको ठरली तर ती हरकत घेणार. म्हणून भागी कुणी नव्हती.

भागीला दोनच गोष्टी पाहिजे होत्या. जिवल्या पाड्यावर न्यायचा. आणि तो टाकीत मेला हे सगळ्यांनी म्हणायचं. मितेश तिच्याजवळ येऊन हळू आवाजात काहीतरी कबूल करायला लागला, मुलीच्या शिक्षणाचं वगैरे. भागीनं तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि त्याच्याकडं पाठ केली.

मी फोन लावत बसले. एक लावला पाड्यावर. दुसरा लावला खाडीवरच्या घिवलीच्या अण्णाला. अण्णा मच्छीमार. कारखान्यांचं पाणी खाडीत येऊन मासळी मरते तेव्हा तो मेलेली मासळी टोपल्यांत भरून कचेऱ्यांच्या दारात ओततो, म्हणून सगळे साहेब त्याला ओळखतात आणि नाक धरतात. तो मोटरसायकलवर आला. सगळं ऐकून घेतलं. डोकं खाजवलं.

"म्हंजे अडला कुठं, लगनावर?" म्हणाला. "मंग लावून टाका. इथंच. त्यांची ती गानी म्हननारी बाय येतेय ना पाड्यावरून? दोन गानी म्हनायला सांगा, तांदूळ टाका, मी मोबाइलवर फोटो काढतो. साहेब सकाळपासून पुरावा मागतोय, त्याच्या नाकावर पुरावा."

मला पटलं. मी अण्णाला चांगलं डोकं आहे म्हटलं. मी दवाखान्यासमोरच्या दुकानातून मूठभर तांदूळ आणि हळद आणलीसुद्धा.

पाड्यावरची माणसं एका पिकअपमध्ये उभी राहून आली. म्हाताऱ्या, बाप्ये, बाया. सगळ्यांच्या पुढं साखरबाई. हीच धवलेरी. वाळक्या अंगाची, गुडघ्यापर्यंत लुगडं, तोंडात पानाचा तोबरा. जिवल्याची आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं असं भागी सांगायची. ती भागीजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. रडली नाही. मग अण्णानं तिला त्याची युक्ती सांगितली.

साखरबाईनं ऐकलं. पान थुंकली. "तुजी बायको जिती हाय का रे?"

"हाय की."

"मंग घरी जा नि तिला सांग, तू मेल्यावर तुजा लगीन परत लावू. बग काय हानते ती."

पिकअपमधले हसले. असल्या वेळी माणसं हसतात, साहेब, त्यात काही वाईट नाही. अण्णा पण हसला, पण म्हणाला, "मावशे, मस्करी सोड. नाय लावलास तर हिचा नवरा परक्याच्या हाती जातो."

तेव्हा साखरबाईनं भागीकडं बघितलं. "तू सांग. तू हो म्हनलीस तर म्हनीन मी गानी. तुज्यासाटी म्हनीन. ह्यांच्यासाटी नाय."

मी हळदीची पुडी हातात धरून उभी होते. भागी तांब्यातल्या पाण्याकडं बघत होती. मग ती बोलली, आणि तिचा आवाज एवढा साधा होता की दारावरचा शिपाईसुद्धा ऐकायला थांबला.

"लगीन आमी हसत लावनार होतो. तारप्याच्या सुरावर नाचनार होतो. तो म्हनत होता, दीपालीला पुढं बसवू, आईबापाचा लगीन बगायला मिळतो असा कुनाचा नशीब. ह्या पत्र्याखाली मी लगीन लावनार नाय. आज लावला तं काल मी त्याची कोन होती? त्याच्या चुलीवर मी भाकर भाजली, त्याची पोर काडली, त्याच्या तोंडातला कारखाना रोज धुतला. ती कोन होती? साहेबाला कागूद पायजे म्हनून मी कालची सगळी खोटी करू? नाय करनार. मी बायको हायच. त्याला दिसत नाय तं त्यानं डोळे पुसावे."

साखरबाईनं माझ्या हातातली पुडी घेतली आणि कमरेला खोचली. "ऐकलास?" अण्णाला म्हणाली. "आता फोटू काड कशाचा काडतोस ते."

तुम्ही बाहेर आलात तो क्षण हाच. गोंगाट कसला, जमाव कशाला जमवलाय, असं म्हणत आलात. मागं मितेश. मितेश महादूला म्हणाला, "चल रे, झालं सगळं. उचल."

महादू उठला नाही.

"अरे, अंगठा दिलास ना तू?"

"दिला. जीपमदी दिला. माला सांगितला जिवल्या आजारी हाय, औषदाला अंगठा लागतो."

"ते असू दे. आता उचल."

"अंगठा तुमी घेतलात," महादू म्हणाला. "हात कसा घ्याल? भागीचा पानी आजून त्याच्या तोंडात नाय पडला."

तुम्हाला कळलं नाही. तुम्ही वळून विचारलंत, हा काय म्हणतोय. साखरबाईनं सांगितलं की त्यांच्या पाड्यात नवरा मेला की आधी बायकोच्या हातचं पाणी. ते पडल्याशिवाय भाऊबंद मेलेल्याला शिवत नाहीत. शिवला तर तो भाऊ उरत नाही, पाडा त्याच्या हातचं घेत नाही.

तुम्ही म्हणालात, "असल्या अंधश्रद्धा सरकारी आवारात चालणार नाहीत."

"मंग तुमी उचला," साखरबाई म्हणाली. "तुमाला कोन आडवतो? या, पुढं धरा. तो मितेश मागं धरंल."

कुणीच पुढं आलं नाही. सकाळपासून तुमच्याकडं सगळं होतं, टेबल, शिक्का, हवालदार, महादूचा अंगठा. एक मेलेला माणूस जागचा हलवायला मात्र चार हात मिळेनात. ज्या बाईला तुम्ही बायको मानत नव्हतात, तिच्या तांब्यापाशी येऊन तुमचं सगळं काम अडलं.

मितेशला राग आला. त्यानं टेम्पोजवळ उभ्या असलेल्या टोळीला हाक मारली. तीच टोळी, जिवल्याबरोबरची. "ऐ मिथुन, दो जन इधर आओ. उठाओ इसको."

मिथुन आला. त्याचे कपडे अजून ओले होते, त्यालाही तोच वास येत होता. स्ट्रेचरजवळ आला आणि थांबला.

"उठा ना."

"एक बार उठाया है," मिथुन म्हणाला. "सुबह. टंकी से. अब इसकी औरत पानी देगी, तब उठाऊँगा."

मितेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. "क्या बोल रहा है, समझता है? कल से काम पे मत आना."

"ठीक है. नहीं आऊँगा." मग तुमच्याकडं वळून तो म्हणाला, "साहब, लिख लो. रस्सी मेरे हाथ में थी. उसने नीचे से दो बार खींचा, फिर रस्सी ढीली हो गई. मैं उतरा, मुझे भी चक्कर आया. जूते कंपनी के थे, वो इसी टेम्पो में सीट के नीचे पड़े हैं."

अण्णानं फोटो काढला. टेम्पोच्या सीटखालच्या बुटांचा. आता त्याला बरं काम मिळालं होतं.

तुम्ही बराच वेळ फोनवर बोललात, आमच्याकडं पाठ करून. परत आलात आणि शिपायाला म्हणालात, "सोडा तिला आत."

भागी आत गेली. मी दारातून बघितलं. तिनं पदरानं जिवल्याचं तोंड पुसलं. ओठांच्या कडेला काळं होतं. तिनं पदर भिजवला आणि ते काळं काढत राहिली. आम्हाला वाटलं ती पाणी तोंडात घालेल आणि उठेल. ती उठेना. पुन्हा भिजवायची, पुन्हा पुसायची. साखरबाई म्हणाली, "भागे, पुरे आता. घाल पानी."

"थांब," ती म्हणाली. "आजून कारखाना हाय तोंडात."

तांब्या अर्धा रिकामा झाल्यावर तिनं उरलेलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. थोडं थोडं, तो पायरीवर बसून प्यायचा तसं. मग बाहेर येऊन महादूला म्हणाली, "आता धर."

टाकीतली गोष्ट उघड झाल्यावर प्रेत फाडून बघणं भाग होतं. ते झालं. दुसऱ्या दिवशी जिवल्या त्याच पिकअपमधून वर गेला. मी आणि मिथुन बरोबर गेलो. पाड्यावर त्याला त्याच्या शेताच्या वरच्या अंगाला जाळला, जिथून त्याची नागलीची पट्टी दिसते. आश्रमशाळेतून दीपालीला आणली होती. ती आईला चिकटून उभी होती आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून मी डोंगराकडं बघत होते.

इथं तुम्ही म्हणाल, मिळालं ना मग? बाईला नवरा मिळाला, पाड्याला प्रेत मिळालं, आता काय?

तुम्ही काय लिहिलंत ते मी वाचलं. "ओळखीच्या स्त्रीच्या विनंतीवरून व माणुसकीच्या दृष्टीने." ओळखीची. आणि मरणाचं कारण? व्हिसेरा तपासणीसाठी राखून ठेवला आहे. तुमच्याकडं राखून ठेवलेल्या गोष्टींचं एक मोठं कपाट असेल, त्यात आमच्या सालवडची बरीच माणसं असतील. मिथुनचा जबाब घेतला म्हणता, पण त्यात तो गोंधळलेला होता असं वर लिहून ठेवलंय. टेम्पो नंतर कुणालाच दिसला नाही. आणि कारखान्यानं कळवलंय की जिवल्या नावाचा कुणी इसम आमच्याकडे कधीही कामाला नव्हता. ठेकेदार म्हणतो, माझ्याकडेही नव्हता. मग कायदा कुणाला धरणार? कायद्यात म्हणे मूळ मालक जबाबदार असतो. मूळ मालक शोधायचा तर गेटातून आत जावं लागतं, आणि गेटापर्यंत आलं की तुमचे बूट आपोआप थांबतात.

दिवसकार्य झाल्यावर भागी खाली आली. आम्हाला वाटलं खोली सोडायला आली. ती थेट कारखान्याच्या गेटावर गेली आणि पाळी सुटायच्या वेळी बसली. मागं साखरबाई, महादू, पाड्यावरचे. मिथुन सरावलीतल्यांना घेऊन आला. अण्णा घिवलीच्या बायांना घेऊन आला. माझ्या चाळीतले पाठीमागं बोलणारेसुद्धा आले, पुढं बसले. कुणी घोषणा दिल्या नाहीत. भागीनं नको म्हटलं होतं.

तुम्ही गाडीतून आलात. गेटातून तोच मॅनेजर बाहेर आला, टाय लावलेला. तुम्ही दोघं शेजारी उभे राहिलात, दवाखान्यात शेजारी बसला होतात तसेच. तुम्ही म्हणालात, "जे काय असेल ते निवेदन द्या. रीतसर."

भागी उठली. "माजा सवाल लहान हाय. त्याला कागूद कशाला?"

मॅनेजर फोनमध्ये बघायला लागला.

ती म्हणाली, "तुमी माला इचारला, हा तुजा कोन. मी समद्यांसमोर सांगितला. तुमाला नाय पटला तरी सांगितला, पानी घालून सांगितला. आता मी इचारते. तुमच्या हौदात तो उतरला. तुमच्या दोरीनं उतरला. तुमचा बूट घालून मेला. माजा तो नवरा. तुमचा तो कोन?"

मॅनेजरनं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही घड्याळाकडं. मग तुम्ही दोघं गेटाच्या आत गेलात आणि वॉचमननं गेट लावून घेतलं.

तेव्हापासून आम्ही गेटावरच आहोत. पाळीपाळीनं कामावर जातो, पाळीपाळीनं बसतो. भागीच्या शेजारी तांब्या असतो, सुटणाऱ्या पाळीतली माणसं येऊन चूळ भरतात, थुंकतात, मग पितात. गेटासमोरची माती काळी पडलीय. जमावबंदी लावा, उचलून न्या, आम्ही परत येऊ. तुम्हाला निवेदन पाहिजे होतं ना रीतसर, हे घ्या. सालवडच्या खोलीत बसून लिहिलंय आणि गेटावर सगळ्यांना वाचून दाखवलंय. भागी म्हणाली, शेवटी माझा सवाल परत लिही, नाहीतर साहेब मधलंच वाचतील.

म्हणून परत लिहिते. तिनं तिचं उत्तर एका दमात दिलं होतं, तिच्या नवऱ्याच्या ओल्या केसांसमोर उभी राहून. तुम्हाला खुर्ची आहे, पंखा आहे, वकील आहेत. गेट उघडा आणि सांगा.

जिवल्या तुमचा कोण होता?